दोन जिवांची बाई आणि हिब्रू कायदा

दोन पुरुष भांडताहेत. हाणामारीत एक गरोदर बाई सापडते, तिला धक्का बसतो आणि ‘तिची मुलं बाहेर येतात’. पुढे ‘आसोन’ झालं नाही, तर तिचा नवरा मागेल आणि न्यायाधीश ठरवतील तेवढा दंड धक्का देणाऱ्याने भरायचा. ‘आसोन’ झालं, तर मात्र जिवाबद्दल जीव, डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात.

बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातलं हे कलम. ‘डोळ्याच्या बदल्यात डोळा’ हे वाक्य आपण सूडाच्या संदर्भात येता-जाता वापरतो, पण हिब्रू शास्त्रात ते पहिल्यांदा येतं ते या गरोदर बाईच्या निमित्ताने. पोटातल्या जिवाबद्दल थेट कायदा म्हणावा असं त्या शास्त्रात एवढंच आहे. गर्भ पाडू नये अशी स्पष्ट आज्ञा तिथे नाही, पाडायला हरकत नाही असंही कुठे म्हटलेलं नाही. तरीही आज अमेरिकेत गर्भपाताच्या दवाखान्याबाहेर उभे राहणारे आणि गर्भपाताच्या हक्कासाठी कोर्टात जाणारे, दोघेही याच शास्त्राची पानं हातात घेऊन उभे असतात. माझ्या मते दोघेही त्याला असा प्रश्न विचारतात, जो त्याने स्वतःला कधी विचारलाच नव्हता. ‘जीव नेमका कधी सुरू होतो?’ हा तो प्रश्न.

आधी ‘आसोन’ हा शब्द बघू. अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये तो पाचच वेळा येतो. दोनदा या कलमात आणि तीनदा उत्पत्तीच्या पुस्तकात, याकोबाच्या दुःखाच्या गोष्टीत. दुष्काळात मुलं धान्य आणायला मिसरात निघतात, पण धाकट्या बन्यामीनला म्हातारा पाठवत नाही, त्याच्यावर ‘आसोन’ येईल म्हणून. एक मुलगा आधीच गेलेला, दुसराही जाईल ही भीती. म्हणजे आसोन म्हणजे खरचटणं किंवा मुका मार नव्हे. घात, जिवावरचा प्रसंग.

पण आसोन कुणावर? बाईवर की पोटातल्या मुलावर? हिब्रू ओळीत ते सांगितलेलं नाही. यहुदी धर्मपंडितांच्या, म्हणजे रब्बींच्या, परंपरेने उत्तर दिलं: बाईवर. म्हणजे गर्भ गेला आणि बाई वाचली तर प्रकरण पैशात मिटतं. बाई गेली तर ते माणूस मारल्याचं प्रकरण. दुसरं वाचन असं की मुलं ‘बाहेर आली’ म्हणजे दिवस भरण्याआधी पण जिवंत जन्मली. दोघांनाही काही झालं नाही तर दंड, दोघांपैकी कुणालाही झालं तर जिवाबद्दल जीव. या दुसऱ्या वाचनात गर्भ आणि आई एका पारड्यात बसतात.

गंमत म्हणजे ही दोन वाचनं एकाच बायबलच्या दोन आवृत्त्यांत सापडतात. ‘न्यू अमेरिकन स्टँडर्ड बायबल’ या इंग्रजी भाषांतरात १९७७ साली बाईचा गर्भपात होतो. १९९५ च्या आवृत्तीत तीच बाई अपुऱ्या दिवसांची बाळंत होते. मधल्या काळात मूळ हिब्रू ओळीत एकही अक्षर बदललं नव्हतं. बदललं होतं ते अमेरिकेतलं वातावरण. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालानंतर गर्भपात हा तिथल्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथांच्या राजकारणाचा मध्यबिंदू होत गेला. भाषांतरकारांनी मुद्दाम लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. ‘बाहेर येणं’ हे क्रियापद जिवंत जन्मासाठीही वापरलं जातं, हा त्यांच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. पण तेच क्रियापद ‘गणना’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आईच्या पोटातून मेलेल्या स्थितीत बाहेर पडणाऱ्या मुलासाठीही येतं. आणि तीनेक हजार वर्षांपूर्वी मार लागून अवेळी झालेलं मूल तगलं, आई तगली, कुणालाच काही झालं नाही, अशी घटना कायद्याचं कलम लिहिण्याइतकी नेहमीची होती हे पटायला कठीण जातं. काचेची पेटी नाही, प्राणवायू नाही, सातव्या महिन्यातलं पोर, आणि म्हणे ‘आसोन झालं नाही’!

शेजाऱ्यांचे कायदे पाहिले तर शंका आणखी कमी होते. बॅबिलोनच्या हम्मुराबीचा शिलालेख इसवीसनपूर्व अठराव्या शतकातला. त्यात स्वतंत्र माणसाच्या मुलीला मारून तिचा गर्भ पाडला तर दहा शेकेल चांदी. सामान्य माणसाच्या मुलीचा असेल तर पाच, गुलाम बाईचा असेल तर दोन. आणि ती स्वतंत्र घरातली बाई मेली तर मारणाऱ्याची मुलगी ठार करायची. त्याने काहीही न केलेली मुलगी! हित्ती कायद्यात दहाव्या महिन्याच्या गर्भाला दहा शेकेल, पाचव्याला पाच असा महिन्यावर दर आहे. म्हणजे मार लागून गर्भ पडणं हा त्या प्रदेशातल्या कायदेपंडितांचा ठरलेला, परंपरेने चालत आलेला नमुना-खटला होता. निर्गमाने तो उचलला, दुसऱ्याच्या मुलीला सुळावर देण्याचा भाग वगळला आणि दंडाची रक्कम न्यायाधीशांवर सोडली. मध्य-असिरियन कायद्यात स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईला खांबावर चढवून मारायचं आणि पुरायचंही नाही अशी तरतूद आहे. हिब्रू कायद्यात तसं कलम नाही. त्या नसण्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण ते कलम नाही हे मात्र खरं.

हे सगळं वाचून ‘बघा, बायबलही बाईच्या बाजूने’ असं कुणाला म्हणावंसं वाटलं, तर त्याने ओळ पुन्हा वाचावी. दंड कुणाला मिळतो? नवऱ्याला. किती ते कोण सांगतं? नवरा. ठरवतं कोण? न्यायाधीश. मार बाईने खाल्ला, पोट तिचं रिकामं झालं, आणि कलमात तिच्या तोंडी एक शब्द नाही. गर्भ हा ‘जीव’ नाही असं इथे ठरतं ते तो नवऱ्याचा माल आहे म्हणून. आधुनिक उदारमतवादी वाचक हा भाग हळूच वगळतात. मला ते पटत नाही. कलम वापरायचं तर संपूर्ण वापरा.

या दोन ओळींचं खरं नाट्य पुढे अलेक्झांड्रियात घडलं. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात तिथल्या ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांनी तोराचं, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचं, ग्रीक भाषांतर केलं. ‘आसोन’ला त्यांनी भलताच शब्द योजला. आसोन झालं की नाही, याऐवजी बाहेर आलेला गर्भ ‘आकार घेतलेला’ आहे की नाही, असं ते कलम झालं. आकार नसेल तर दंड, असेल तर जिवाबद्दल जीव. ग्रीक वैद्यक आणि तत्त्वज्ञान अंगात मुरलेल्या शहरात असं भाषांतर होणं समजण्यासारखं आहे. अलेक्झांड्रियाच्या फिलो या यहुदी तत्त्वज्ञाने तेच धरलं. आणि सुरुवातीच्या ख्रिस्ती चर्चचं बायबल हे ग्रीकच असल्याने ‘आकार घेतलेला आणि न घेतलेला’ हा भेद चर्चच्या कायद्यात शिरला आणि शतकानुशतकं राहिला. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवा याने तो मोडून काढला, तीनच वर्षांत पुढच्या एका पोपने तो परत आणला आणि शेवटी १८६९ मध्ये नवव्या पायसच्या काळात तो शिक्षेच्या नियमातून गेला. म्हणजे ज्या शब्दाचा मूळ हिब्रूत पत्ताच नाही, त्यावर युरोपात दीड हजारांहून अधिक वर्षं पाप-पुण्य मोजलं गेलं. भाषांतर ही किती जोखमीची गोष्ट आहे हे पंडिता रमाबाईंना ठाऊक असणार. केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालवली, ती उगाच नव्हे.

आता फलकांवरच्या ओळींकडे वळू. ‘गर्भाशयात तुला घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो,’ हे यिर्मया या संदेष्ट्याला देव सांगतो. गर्भपातविरोधी मोर्चांत ही ओळ हमखास असते. एकशे एकोणचाळिसाव्या स्तोत्रात कवी म्हणतो की आईच्या पोटात तू मला विणलंस, माझा अजून न घडलेला गोळा तुझ्या डोळ्यांनी पाहिला. त्या गोळ्याला तिथे ‘गोलेम’, म्हणजे आकारहीन पिंड, या हिब्रू शब्दाचं रूप आहे. ईयोब तर तक्रारीच्या सुरात म्हणतो, दुधासारखं मला ओतून साकळवलंस, कातडी-मांस पांघरलंस, हाडं आणि स्नायूंनी गुंफलंस, ते काय आता मोडून टाकण्यासाठी? अप्रतिम ओळी आहेत. पण याच ईयोबाला दुसऱ्या एका अध्यायात वाटतं, उजेड न पाहिलेल्या गर्भासारखा मी पुरला गेलो असतो तर बरं झालं असतं. ‘उपदेशक’ या पुस्तकाचा लेखक शंभर पोरं असूनही सुख न भोगलेल्या माणसापेक्षा पडलेला गर्भ बरा म्हणतो. यिर्मयाची ओळ तर गर्भाबद्दल नाहीच. ती एका संदेष्ट्याच्या निवडीबद्दल आहे, आणि शब्दशः घेतली तर ‘गर्भाशयात घडवण्यापूर्वी’ म्हणते. तेव्हा गर्भधारणेपासून जीव धरणाऱ्यांनाही ती थोडी जास्तच मागे नेते.

कविता आणि कायदा यांच्यातला हा फरक यहुदी पंडितांना पक्का माहीत होता. त्याची सगळ्यात सुंदर साक्ष तालमूद या यहुदी कायदा-चर्चेच्या संग्रहातल्या ‘निद्दा’ या ग्रंथात मिळते. तिथे सांगितलंय की पोटातल्या बाळाच्या डोक्याशी एक दिवा तेवत असतो. त्या उजेडात ते जगाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहतं. त्याला संपूर्ण तोरा शिकवली जाते. जन्माच्या क्षणी एक देवदूत येऊन त्याच्या तोंडावर चापट मारतो आणि ते सगळं विसरतं. आपला अभिमन्यू पोटात अर्धवटच शिकला आणि त्यावरच मेला. हे बाळ सगळं शिकून कोरं होऊन येतं. त्याच ग्रंथात आणखी एक देवदूत आहे, त्याचं नाव लैला, म्हणजे रात्र. तो बीजाचा थेंब देवापुढे नेतो आणि विचारतो, हा बळकट होणार की दुबळा, शहाणा की मूर्ख, श्रीमंत की गरीब? सटवाई पाचवीच्या रात्री कपाळावर लिहिते तसंच की. फक्त हा देवदूत चांगला होणार की दुष्ट, एवढं विचारत नाही, ते माणसावर सोडतो.

आणि याच ‘निद्दा’ ग्रंथात थोड्या पानांपुढे कोरडा कायदा येतो: एक दिवसाच्या मुलाला मारणारा खुनी. एक दिवसाच्या, पोटातल्या नव्हे. दिवा तेवता ठेवणारे आणि हा नियम सांगणारे पंडित एकाच परंपरेतले. त्यांना त्यात विसंगती दिसली नाही. अभिमन्यूची गोष्ट सांगून आपणही कुणी पोटातल्या बाळाला खातेदार करत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या विसाव्या कलमात बाप मेला तेव्हा पोटात असलेल्या मुलाला वाटा जरूर आहे, पण अट अशी की ते जिवंत जन्माला यावं.

मला या परंपरेचं मर्म सापडतं ते मात्र ‘ओहोलोत’ या मिश्ना-ग्रंथातल्या एका परिच्छेदात. मिश्ना म्हणजे तालमूदचा पाया असलेला कायद्यांचा संग्रह, सुमारे इसवीसन २०० चा. प्रसंग असा: बाई अडली आहे. मराठीत ‘अडलेली बाई’ म्हटलं की आणखी काही सांगावं लागत नाही. मूल आडवं आलेलं, सुईण हतबल, रात्र सरत नाही. मिश्ना म्हणते, पोटातलं मूल कापा, एक एक अवयव करून बाहेर काढा, ‘कारण तिचा जीव त्याच्या जिवाच्या आधी’. पण मुलाचा बहुतांश भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नका, कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूला सारता येत नाही.

या दोन वाक्यांमध्ये सगळं आहे. शब्द बघा: गर्भालाही ‘जीव’ म्हटलंय, फक्त आईचा आधी. पोटात असताना तो काहीच नाही, असं मिश्ना म्हणत नाही. जो जीव अजून यायचाय त्याच्यासाठी असलेला जीव पणाला लावायचा नाही, एवढंच म्हणते. आणि क्रूर भाग लपवत नाही. ‘एक एक अवयव’ असं लिहिताना लिहिणाऱ्याला माहीत आहे की तो काय करायला सांगतोय. आजकालच्या गुळगुळीत परिपत्रकांपेक्षा मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

मराठी गरोदर बाईला ‘दोन जिवांची’ म्हणते. किती सहज, किती प्रेमाने. तिला जास्त जेवायला घालायचं, तिने जिना जपून चढायचा. हिब्रू कायद्याने असा हिशेब केला नाही. अकराव्या शतकातला फ्रान्सच्या त्रुआ गावचा मोठा भाष्यकार रशी स्पष्ट लिहितो, जगाच्या हवेत येईपर्यंत तो ‘नेफेश’ नव्हे. नेफेश म्हणजे जीव, श्वास, माणूस. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात मातीच्या पुतळ्यात देव श्वास फुंकतो तेव्हा आदाम जिवंत नेफेश होतो, त्याची ही आठवण. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीझ या यहुदी धर्मपंडिताने मात्र वेगळं कारण दिलं. गर्भ आईच्या जिवावर उठलेला ‘पाठलाग करणारा’ आहे, म्हणून त्याला अडवायचं. हा माणूस स्वतः वैद्य होता, प्रसूतीतलं मरण त्याला पुस्तकातून कळलेलं नसावं. पण त्याच्या युक्तिवादात एक भोक राहतं. मूल पाठलाग करणारं असेल तर डोकं बाहेर आल्यावर पाठलाग थांबतो का? आई तर अजूनही मरणाच्या दारात आहे. तालमूदमध्येच त्यावर उत्तर आहे: तेव्हा तिचा पाठलाग करतं ते आकाश, म्हणजे दैव. पंडित आठशेहून अधिक वर्षं या भोकावर वाद घालताहेत. कारण त्यावर बरंच अवलंबून आहे. रशीचं खरं मानलं तर गर्भपाताला जरा मोठी वाट मिळते. मायमोनिडीझचं मानलं तर आईचा जीव धोक्यात असेल तेवढीच.

‘गर्भ म्हणजे आईचंच अंग’ हे सूत्रही तालमूदमध्ये आहे. आजची स्त्रीवादी घोषणा वाटावी असं. ते येतं कुठे ते मात्र सांगायला हवं. ‘अराखिन’ ग्रंथात प्रश्न आहे, मृत्युदंड झालेली बाई गरोदर असेल तर बाळंत होईपर्यंत थांबायचं का? उत्तर, नाही. प्रसूतीच्या आसनावर बसली असेल तरच थांबायचं. तालमूद विचारतो, हे सांगायची गरजच काय, ते तिचं अंगच तर आहे! आणि मग उत्तर देतो: निर्गमात दंड नवऱ्याला मिळतो ना, म्हणून कुणाला वाटेल की गर्भ नवऱ्याचा माल आहे आणि त्याचं नुकसान टाळायला थांबावं. तसं वाटू नये म्हणून सांगितलं. म्हणजे तालमूदने नवऱ्याची मालकी मोडली खरी, पण मोडली ती फाशीच्या खांबाजवळ. यहुदी न्यायसभांकडे तोपर्यंत देहदंडाचा अधिकार उरला नव्हता आणि चर्चा बरीचशी तात्त्विक होती, हे खरं असलं तरी अंगावर काटा येतो. भारतात गरोदर बाईची फाशी जन्मठेपेत बदलावीच लागते. इथे आपला कायदा जास्त माणुसकीचा आहे हे सांगायला मला संकोच नाही.

दुसऱ्या बाजूचे धागेही कमी नाहीत. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस आपल्या धर्माचं समर्थन करताना लिहितो की आमचा कायदा सगळी मुलं वाढवायला सांगतो, आणि गर्भ नष्ट करणारी बाई बालहत्यारी. ग्रीक-रोमन जगात नको असलेलं मूल उघड्यावर टाकून देणं सर्रास होतं. यहुदी तसं करत नाहीत याची नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनेही, काहीशा तिरस्काराने, केली आहे. तालमूदमध्ये रब्बी इश्माएल उत्पत्तीतली ‘माणसाचं रक्त सांडणारा’ ही ओळ वळवून ‘माणसातला माणूस’ अशी वाचतो आणि विचारतो, माणसातला माणूस कोण? पोटातला गर्भ. त्यावरून यहुदी नसलेल्यांसाठी गर्भहत्या हा देहांताचा गुन्हा ठरतो! यहुद्यांना मुभा आणि इतरांना फाशी, हे कसं? मध्ययुगीन भाष्यकारांनी उत्तर दिलं, त्यांना जे मना ते आपल्याला मुभेचं असूच शकत नाही. म्हणजे शिक्षा नसली तरी गर्भ पाडणं सरळसरळ चालतं असं नाही. पहिल्या चाळीस दिवसांचा गर्भ मात्र ‘नुसतं पाणी’ असं रब्बी हिस्दा म्हणतो, तेही याजकाच्या मुलीने पवित्र अन्न खावं की नाही या वेगळ्याच प्रश्नात.

या सगळ्याचं पुढे काय झालं हे पाहायला विसाव्या शतकातला एक वाद पुरेसा आहे. टे-सॅक्स नावाचा आनुवंशिक आजार पूर्व युरोपीय वंशाच्या यहुद्यांत जास्त आढळतो. बाळ काही महिने ठीक वाढतं, मग आंधळं, पांगळं होत जातं आणि बहुधा चार-पाच वर्षांच्या आत जातं. १९७० च्या दशकात गर्भातच त्याचं निदान शक्य झालं. न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन म्हणाले, पाडता येणार नाही, ती हत्याच. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग म्हणाले, आईच्या यातना लक्षात घेऊन सातव्या महिन्यापर्यंतसुद्धा चालेल. दोघेही अत्यंत कर्मठ, दोघेही आपापल्या पिढीतले सर्वोच्च अधिकारी. फाइनस्टाइन यांच्या वाटेत जुने अनुकूल उतारे आले, तेव्हा त्यांनी एक उतारा लेखनिकाची चूक ठरवला आणि एक निवाडा चक्क बनावट. वाल्डेनबर्ग यांनी त्यावर कडक हरकत घेतली. हिब्रू परंपरेचं ‘मत’ काय असं विचारणाऱ्याला मी हाच वाद दाखवीन. त्यात गर्भधारणेचा क्षण कुठेच येत नाही. दोघेही प्रश्न एकच विचारतात, या बाईचं, या आजारात, या महिन्यात काय करायचं?

आणि हीच पद्धत मला फलकांवरच्या दोन्ही घोषणांपेक्षा शहाणी वाटते. ‘गर्भ म्हणजे पूर्ण माणूस’ म्हटलं की अडलेल्या बाईसमोर हात बांधले जातात. ‘गर्भ म्हणजे काहीच नाही’ म्हटलं की ज्यांचं हवं असलेलं मूल पाचव्या महिन्यात गेलं, त्यांच्या दुःखाला नाव उरत नाही. आपल्याकडे ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द याच सापळ्यात अडकला. गर्भलिंगनिदानाविरुद्धची लढाई योग्यच होती, १९८८ मध्ये त्याविरुद्ध पहिला कायदा महाराष्ट्राने केला. पण ‘हत्या’ शब्द रूढ झाला आणि कायदेशीर गर्भपातालाही त्याचा डाग लागला. स्त्री-आरोग्याचं काम करणाऱ्या कार्यकर्त्या म्हणूनच ‘लिंगनिवड’ म्हणा असा आग्रह धरतात.

जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो’ निकाल फिरवला. त्याच महिन्यात फ्लोरिडातल्या एका सिनेगॉगने राज्याच्या पंधरा आठवड्यांच्या बंदीविरुद्ध खटला भरला, की आईचा जीव आधी हा आमचा धर्म आहे आणि ही बंदी आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. इंडियानातही यहुदी स्त्रियांनी तसंच आव्हान दिलं. युक्तिवाद चतुर आहे आणि ‘धर्म म्हणजे गर्भपातविरोध’ या समीकरणाला छेद देतो. पण कर्मठ यहुदी संघटना त्यापासून दूर राहिल्या, त्याचंही कारण आहे. मिश्नातला ‘आधी’ हा हक्काचा शब्द नाही. बाईने निवड केली म्हणून तिथे काही घडत नाही. ती अडली म्हणून घडतं, आणि ती अडली आहे हे दुसरं कुणीतरी ठरवतं.

इथे मला हिब्रू कायद्याची खरी उणीव दिसते, आणि ती फक्त त्याची नाही. निर्गमात नवरा मागतो, न्यायाधीश ठरवतात. पुढे रब्बी ठरवतात. इस्रायलच्या १९७७ च्या कायद्यात तीन जणांची समिती ठरवते, त्यात दोन डॉक्टर आणि एक समाजसेवक. त्यासाठी कारणांची यादी आहे: वय लग्नाच्या कायदेशीर वयाहून कमी किंवा चाळिशीपुढचं, विवाहबाह्य संबंधातून किंवा बलात्कारातून राहिलेला गर्भ, गर्भातलं व्यंग, बाईच्या जिवाला, शरीराला किंवा मनाला धोका. घरातली परिस्थिती हे पाचवं कारणही सुरुवातीला होतं, ते धार्मिक पक्षांच्या दबावाने लवकरच काढलं गेलं. बहुतेक अर्ज मंजूर होतात. पण तिशीतली, लग्न झालेली, आधीच चार मुलं असलेली, पैशाने गांजलेली बाई यादीत कुठेच बसत नाही. तिला मग मनाचा आजार दाखवावा लागतो. डिमोना किंवा लोदमध्ये घरी अजून मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली बाईलाही हीच यादी. आपला १९७१ चा कायदाही वेगळा नाही, तिथे डॉक्टरचं मत निर्णायक. २००८ साली मुंबईतलं एक दाम्पत्य गर्भाच्या हृदयातल्या दोषामुळे उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा वीस आठवड्यांची मर्यादा उलटली म्हणून त्यांना नकार मिळाला. २०२१ मध्ये काही गटांसाठी मर्यादा चोवीस आठवडे झाली. गंभीर व्यंग असेल तर त्यानंतरही चालतं, पण मग वैद्यकीय मंडळ ठरवतं.

बाईच्या शब्दाला किंमत देणारं काहीच त्या परंपरेत नव्हतं, असं मात्र नाही. मिश्नाचा ‘योमा’ हा ग्रंथ योम किप्पूरच्या कडक उपासाबद्दल आहे. त्यात म्हटलंय, गरोदर बाईला एखाद्या पदार्थाचा वास आला आणि तिचा जीव कासावीस झाला, तर जीव स्थिर होईपर्यंत तिला खायला द्या. त्याच परिच्छेदात पुढे आजारी माणूस येतो. वैद्य म्हणतो खायची गरज नाही, आजारी म्हणतो आहे. कुणाचं ऐकायचं? तालमूद सांगतो, आजाऱ्याचं. शंभर जण ‘नाही’ म्हणाले तरी त्याचंच. कारण म्हणून नीतिसूत्रांतली ओळ दिली आहे, मनाचं कडूपण मनालाच ठाऊक. आपण म्हणतो, ज्याचं जळतं त्याला कळतं. वर्षातल्या सर्वात पवित्र दिवशी, सर्वात कडक उपास मोडण्यासाठी, गरोदर बाईच्या शेजारच्या ओळीत हे लिहून ठेवलेलं आहे.

१९७७ च्या कायद्यात ती ओळ उतरली नाही. तिथे शंभर जण नसतात, तीनच असतात. बाईने ‘गरज आहे’ म्हटल्यावर ते कारण विचारतात, आणि ते कारण यादीतलं असावं लागतं.